पाण्याची सवय असलेला दगड

पुणे स्टेशनवर हमालाने माझी बॅग उचलली आणि लगेच खाली ठेवून विचारलं, "मॅडम, आत काय घातलंय?" आत एक छोटं ड्रिल होतं, दगड कापायची बारीक दातांची करवत होती, स्पंजच्या जाड गाद्या होत्या आणि दोन साड्या होत्या. मी म्हटलं, "कपडे." खरं सांगितलं असतं तर गाडी सुटेपर्यंत समजावत बसावं लागलं असतं.

माझं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड आहे. मी जुना पाऊस शोधते. गुहेच्या छतातून पाणी ठिबकतं, त्यातला चुना खाली साचत जातो आणि हळूहळू दगडाचा एक खुंट उभा राहतो. त्याच्या प्रत्येक थरात त्या त्या काळच्या पावसातला ऑक्सिजन अडकलेला असतो. ऑक्सिजन प्रामुख्याने दोन तऱ्हेचा असतो, एक जरा जड आणि एक जरा हलका. पाऊस जोराचा आणि लांबलेला असला की जड ऑक्सिजन आधीच गळून जातो आणि मागून पडणाऱ्या पाण्यात हलक्याचं प्रमाण वाढतं. पाऊस रुसला की उलट. थर खरवडून यंत्रात घालायचे आणि गादीवर कोण राजा होता हेही ज्या काळाबद्दल कोणाला ठाऊक नाही, त्या काळी पाऊस कसा होता ते सांगायचं. यात माझा जन्म गेला. ज्या पावसात मी कधी भिजले नाही त्याची मला एवढी ओढ का, हे घरच्यांना कधी कळलं नाही. मलाही नीटसं कळलेलं नाही.

रायपूरच्या बाहेर अशी एक गुहा होती. शिकत असताना मी तिच्यात एकदाच गेले होते. भर उन्हात आत वाकून शिरलं की अंगावर गार हवा यायची आणि अंधारात कुठेतरी टप, टप. तेव्हा माझ्याकडे टॉर्च होता, यंत्र नव्हतं. यंत्र आलं तेव्हा गुहा उरली नव्हती, चुनखडीच्या खाणीत ती सुरुंगाने उडाली होती. तिथला जुना पाऊस माझ्या नकाशावर कोरा राहिला तो राहिलाच. निवृत्ती जवळ आली तरी नकाशा उघडला की नजर आधी त्या कोऱ्या जागेकडे जायची.

आणि मग रायपूरच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीने फोटो पाठवला. बूढापारा या जुन्या वस्तीतल्या एका घराच्या अंगणात, तुळशीशेजारी, बेलपानं वाहिलेला एक दगडी खुंट. खाली लिहिलं होतं, "मॅडम, हा त्या खाणीतल्या गुहेतला आहे म्हणतात. शिवरात्रीनंतरच्या सोमवारी नदीत सोडणार आहेत. येता का?"

नागपूर मागे पडलं की गाडीतलं मराठी पातळ होत जातं. गोंदियापर्यंत ते धुगधुगी धरून असतं, डोंगरगडची टेकडी दिसेपर्यंत सगळा डबा हिंदीत बोलायला लागलेला असतो. खिडकीबाहेर धानाची रिकामी शेतं आणि मधूनच मोहाची झाडं, खाली फुलं वेचणाऱ्या बाया. माझ्यासमोरच्या बाईंनी डबा उघडून मला फरा दिला (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके). "पुणे में मिलता है?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी आणखी दोन वाढले.

रायपूर राजधानी होऊन काही वर्षं झाली होती, तरी शहराला अजून नवे कपडे टोचत असावेत असं वाटत होतं. दर दुसऱ्या इमारतीवर कुठल्यातरी खात्याची ताजी पाटी आणि तिच्याखाली जुन्या दुकानाचं अर्धवट पुसलेलं नाव. रिक्षावाल्याने बूढा तलावाला वळसा घालून गल्लीच्या तोंडाशी मला उतरवलं आणि पुढे स्कूटरी उभ्या आहेत, चालत जा म्हणून सांगितलं. ती बॅग घेऊन मी कशी चालले ते माझं मला माहीत.

दार उघडलं ते ऐंशीच्या आसपासच्या एका बारीक बाईंनी. गल्लीतले सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. मूळच्या वर्ध्याकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. नवरा खाणीत सर्व्हेअर होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"ये बाई. चप्पल तिथीच राहू दे. काहून इतका उशीर झाला? मी सकाळपासून वाट पाहून राहिली." मग स्वतःच म्हणाल्या, "तू माह्या धाकट्या बहिणीएवढी, अहोजाहो मले जमत नाही."

माझी आई अमरावतीची. ती गेल्यापासून 'काहून' हा शब्द माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मी उंबऱ्यातच जराशी थबकले. काकूंना वाटलं बॅग जड झाली.

खुंट अंगणात एका बुटक्या ओट्यावर उभा होता. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत उंच, वर गोलसर, खाली जाड. मला त्याला हात लावायची घाई झाली होती, पण काकूंनी आधी पाय धुवायला लावले. जवळ बसले आणि बोटं फिरवली. दगड उत्तम होता, कुठे तडा नाही. फक्त अंगावर एक पांढरी साय चढलेली होती, खडूसारखी. गुहेत असं कवच धरत नाही.

"याच्यावर कुठलं पाणी घालता, काकू?"

"नळाचं. दुसरं कुठलं?"

नळाच्या पाण्याने असं होणार नव्हतं. पण मी तसं म्हणणार तेवढ्यात काकूंचा मुलगा आला. संजय राज्याच्या मंत्रालयात बाबू आहे. नवा रायपूरमध्ये त्याला सरकारी घर मिळालं होतं, तिसऱ्या मजल्यावर, आणि हे भाड्याचं जुनं घर महिनाअखेर सोडायचं होतं. घटकाभरात एवढं सगळं त्याने हिंदीत सांगितलं. आई मराठीत विचारी, तो हिंदीत उत्तर देई, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"वहां बालकनी में रख तो लें," तो म्हणाला, "पर रोज पानी चढ़ेगा तो नीचे वाले के कपड़ों पर टपकेगा. वो गमले के पानी पर ही लड़ लेता है."

म्हणून खारून नदीवर, महादेवघाटाला विसर्जन. तसं ठरलं होतं आणि मध्येच मी उपटले होते. आता माझी पाळी होती. मी काकूंना जड आणि हलक्या पाण्याचं सांगितलं, थरांचं सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"म्हणजे कोणत्या वर्षी किती पडला, हे दगड सांगते?"

"किती ते नाही. जास्त की कमी, एवढं सांगतो. एकेका वर्षाचं नाही, पण काही काही वर्षांच्या गठ्ठ्याचं."

"अन् त्यासाठी तू काय करशील त्याले?"

हा प्रश्न येणार हे मला पुण्यापासून माहीत होतं. "उभा चिरावा लागेल," मी म्हणाले. "नुसतं भोक पाडून चालत नाही. मधोमध चिरल्याशिवाय थर ओळीने दिसत नाहीत."

संजय माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं होतं मी चिमूटभर भुकटी घेऊन जाईन. काकू उठल्या, तुळशीखालची पडलेली पानं वेचली, परत येऊन बसल्या.

"खंडित झाला तर पूजेत चालत नाही," त्या म्हणाल्या. "नदीत अख्खा जाईल, तुह्याकडे तुकडे होतील. उद्या सांगतो मी तुले." मग चहाला किती साखर ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. संजय म्हणाला, "चलिए, वो जगह दिखा लाता हूं." स्कूटरवर मागे बसून मी रायपूरच्या बाहेर निघाले. बीरगावात कामाची पाळी सुटली होती, सायकलींवरून घरी जाणाऱ्या माणसांनी रस्ता भरला होता. पुढे सिलतराकडे गेलं की झाडांची पानं काळपट दिसायला लागतात. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची काजळी बसते त्यांच्यावर. तोंडाला पदर लावला तरी जिभेवर लोखंडाची चव आली. मध्येच टायर बसलं. पंक्चरवाल्याकडे बाकावर बसून आम्ही चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टोमॅटोची झणझणीत चटणी खाल्ली. मी तिसरा मागितला तेव्हा संजय पहिल्यांदा मोकळा हसला.

"तुमचे बाबा फार देवभक्त होते का?" मी विचारलं.

"बाबूजी? हाथ तक नहीं जोड़ते थे." त्याने चटणी माझ्याकडे सरकवली. "ब्लास्टिंग के निशान बाबूजी ही लगाते थे. कहां छेद करना है, कितना गहरा. उस गुफा पर भी उन्होंने ही लगाए. काम था. एक दिन पहले अकेले अंदर गए और ये पत्थर उठा लाए. उस रात खाना नहीं खाया, इतना याद है मुझे."

खाण आता बंद आहे. कठड्याशी उभं राहिलं की खाली मोठा खड्डा आणि त्यात हिरवंनिळं पाणी, इतकं स्वच्छ की पाहावंसं वाटू नये. मी विचारलं, गुहा कुठे होती. संजयने हात लांब केला आणि पाण्याच्या वर, मोकळ्या हवेत, कुठेतरी बोट दाखवलं. "उधर. शायद थोड़ा ऊपर."

घर पडलं तर चौथरा राहतो. गुहा म्हणजे मुळातच एक पोकळी, तिच्याभोवतीचा डोंगरच नेला तर दाखवणार काय? त्या हवेकडे मी बराच वेळ बघत होते. तिथे मी एकदा टॉर्च विझवून उभी राहिले होते, वीस-बावीस वर्षांची, आणि आपल्याला भरपूर वेळ आहे असं मला वाटलं होतं. डोळे भरून आले ते मी काजळीच्या नावावर खपवलं. संजय भला माणूस, त्याने रुमाल दिला आणि दुसरीकडे पाहिलं.

परतलो तर काकूंनी पानं मांडून ठेवली होती. वरणभात, वांग्याची भाजी, आणि माझ्यासाठी मुद्दाम बासी (रात्रभर पाण्यात ठेवलेला भात) कांद्याबरोबर, कारण उन्हातून आलेल्याला ती बरी. संजय जेवून आत आडवा झाला. काकू आणि मी अंगणात बसलो.

"त्यायचं सांगतलं असंल तुले संजूनं," काकू म्हणाल्या. "दगड घरी आणला तवा मी विचारलं, हे काय करायचं? म्हणे, काही नाही, राहू दे. अन् सकाळी पाहतो तर बादली घेऊन त्याले पाणी टाकून राहिले. मी म्हटलं, तुम्ही अन् महादेवाची पूजा? तर म्हणे, पूजा गिजा काही नाही. हजारो वर्षं त्याच्यावर पाणी पडून राहिलं, त्याले पाण्याची सवय आहे. एकदम कोरडा कसा ठेवायचा? डूटीवर जायच्या आधी रोज एक लोटा. ताप असला तरी. बेल-फूल ते मी लावलं, पाऱ्यातल्या (वस्तीतल्या) बायांनी लावलं. त्यायले त्याचं काही नव्हतं."

"तेव्हा पाणी कुठलं होतं, काकू?"

"विहिरीचं. इथंच होती, मागे. ते गेले त्याच वर्षी नळ आला अन् घरमालकानं विहीर बुजवली. मग मी नळाचं टाकत आली."

मला एकदम सगळं उलगडलं आणि उलगडल्याच्या भरात मी बोलून गेले. रायपूरच्या खालचा खडक चुनखडीचा, विहिरीच्या पाण्यात चुना भरपूर. उन्हात ते पाणी सुकलं की चुना मागे राहायचा. म्हणजे हा पांढरा थर काकांच्या लोट्याचा आहे. गुहेतून उचलून आणल्यावरही हा दगड इथे, या अंगणात, वाढत होता.

काकू पुढे सरकल्या आणि थरावर अंगठा ठेवला. "हे त्यायचं आहे?"

"हो."

"अन् माह्यं?"

इथे जरा तोंड आवरायला हवं होतं. पण एखादी गोष्ट समजली की ती सांगायचीच, अशी मला खोड. "नळाचं पाणी नदीचं असतं," मी म्हणाले. "त्यात चुना फारच कमी. त्याने थर धरत नाही."

"म्हणजे मी इतके वर्षं टाकून राहिली, ते काहीच नाही?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता अंगठा काढून घेतला. मग त्याच हाताने माझं ताट उचललं आणि आत गेल्या. माझं काम संपलं असं मी धरून चालले. रात्री विद्यार्थिनीच्या घरी बॅग आवरताना करवत तळाशी घातली.

सोमवारी सकाळी निरोप घ्यायला गेले तर काकू न्हाऊन ओट्यापुढे बसल्या होत्या. ताम्हनात अक्षता, वाटीत दही-पोहे. बाहेर गल्लीच्या तोंडाशी घाटावर जायला आणलेली गाडी उभी होती.

"बस तिथं," मला म्हणाल्या. "उत्तरपूजा करतो."

गणपती बोळवताना आपल्याकडे उत्तरपूजा करतात. अक्षता वाहायच्या, वाटेसाठी दही-पोह्यांची शिदोरी द्यायची आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. ती हलली की देव गेला, उरली ती माती. महादेवाच्या खुंटाची अशी उत्तरपूजा करतात का, मला माहीत नाही. काकूंनाही माहीत नसावं. त्यांनी अक्षता वाहिल्या, शिदोरी ठेवली आणि खुंटाला हात लावून तो हलवला.

तो हलला नाही.

त्यांनी दोन्ही हात लावले. दगड जसाच्या तसा. संजय सब्बल (पहार) घेऊन आला, तर काकूंनी त्याला हातानेच अडवलं. "लोखंडानं ढकलत नाही देवाले." मी वाकून पाहिलं. वरून ओघळलेल्या चुन्याने खुंटाचा तळ ओट्याला घट्ट धरला होता. इतक्या वर्षांच्या पाण्याने तो तिथे चिकटवून टाकला होता. मी तसं सांगितलं. या वेळी हळू सांगितलं.

काकू त्या सांध्याकडे बघत राहिल्या. "तूच सोडव," त्या म्हणाल्या. "तुह्याकडे बारीक करवत आहे ना? पण त्याले लागू देऊ नको."

मी फरशीवर पालथी पडून सांधा सोडवला. आयुष्यात इतक्या सावकाश मी काहीच कापलं नसेल. काकू शेजारी बसून होत्या, गुडघ्यावर हात ठेवून. शेवटचा कण सुटला तसं मी बाजूला झाले. त्यांनी खुंटाला तळवा लावला आणि तो बोटभर सरकला.

"गेला," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. संजय त्यांच्याजवळ खाली बसला आणि त्याने चक्क मराठीत "आई, राहू दे" म्हटलं.

जरा वेळाने त्यांनी डोळे पुसले. "आता दगड आहे. ने तू. नदीत टाकला तर त्याले कोणी काही विचारणार नाही. तू विचारशील तरी."

दही-पोहे त्यांनी माझ्या डब्यात भरले. दारापर्यंत काही त्या आल्या नाहीत.

परतीच्या प्रवासात दगड खालच्या बर्थवर माझ्या उशाशी होता, काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळलेला. डब्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं, मूर्ती कोणाची? मी म्हटलं, काल विचारलं असतं तर सांगता आलं असतं.

पुण्याला पोचल्यावर खुंट चिरला. आत थर इतके सुरेख होते की माझ्याबरोबर काम करणारी पोरं आळीपाळीने भिंग घेऊन त्यांवर वाकली. पुढचे कित्येक महिने आम्ही ते वाचत होतो. भरभरून पावसाचे लांबच लांब काळ, मधून पिढ्यान्‌पिढ्या सुकलेले. माझ्या नकाशावरची ती कोरी जागा भरली. मी त्या आकड्यांपुढे बसून राहायचे आणि गुहेतली गार हवा आठवायचे. आकडे मिळाले म्हणून ओढ संपते असं नाही. उलट आता मला ठाऊक आहे की काय काय पडून गेलं.

वरची पांढरी साय काढून टाकायची असते, ती कामाची नाही. तरी टाकण्यापूर्वी मी तिची भुकटी यंत्रात घालून पाहिली. यंत्राने ठणकावून दुष्काळ सांगितला, कारण उन्हात सुकलेल्या पाण्यात जड ऑक्सिजनच मागे राहतो. एक माणूस रोज न चुकता पाणी घालत होता आणि यंत्राला तिथे पाण्याचा टिपूस दिसत नव्हता. तेव्हापासून कुठलाही सुका थर दिसला की लगेच दुष्काळ म्हणायला माझी जीभ जरा अडखळते.

मी काकूंना फोन केला. त्या आता तिसऱ्या मजल्यावर राहतात, तिथे वारा चांगला येतो म्हणाल्या. मी जुन्या पावसाचं सांगितलं, त्यांनी हुंकार दिले. मग विचारलं, "अन् ते पांढरं? तेही लागते का तुले?"

"नाही काकू. ते काढून टाकतो आम्ही."

"मग टाकू नको. पाठवून दे."

सगळी भुकटी झटकून, पुसून, एका छोट्या काचेच्या बाटलीत भरली. बाटली अर्धीही भरली नाही. कापसात गुंडाळून रायपूरला पाठवली आणि दुसरं काही पाठवता येईल का याचा विचार करत राहिले. आठवडाभराने काकूंचाच फोन आला.

"पोचली बाटली. एवढंच निघालं का गं?"

"एवढंच, काकू."

पलीकडे बाटली हलवल्याचा बारीक आवाज आला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुरते मले."